जावयाचं कढत पाणी

देशाची तेलाची आयात कमी करायची असं आप्पासाहेबांनी ठरवलं, तेव्हा देशाला त्याची काहीच कल्पना नव्हती. घरात रोहिणीबाईंनाही नव्हती. त्या बिचाऱ्या दिवाळीच्या भाजणीसाठी तांदूळ धुऊन गच्चीवर वाळत घालत होत्या. आप्पासाहेब जिन्यातून वर आले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आजपासून आपल्या घरात आंघोळीचं पाणी गॅसवर तापणार नाही." रोहिणीबाई म्हणाल्या, "बरं. तांदळावर पाय देऊ नका."

आप्पासाहेबांची सगळी नोकरी बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात बॉयलरवर गेली होती. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले तरी त्यांच्या डोक्यातली वाफ काही निवली नव्हती. कुणी चहाचं आधण ठेवलं तरी ते झाकण का ठेवलं नाही म्हणून विचारत. त्यात कॉलनीत इंधन बचतीचा कार्यक्रम झाला आणि प्रमुख वक्ते ऐनवेळी आले नाहीत म्हणून आप्पासाहेबांना उभं केलं गेलं. समुद्रापलीकडे कुठं खुट्ट झालं की आपल्याकडे सिलिंडरला रांग लागते, हे त्यांनी असं काही रंगवून सांगितलं की पुढच्या रांगेतल्या बायकांनी तिथल्या तिथे सिलिंडर नोंदवायला फोन बाहेर काढले. इथवर ठीक होतं. पण टाळ्या पडल्यावर आप्पासाहेबांचा तोल नेहमीच जातो. "आपल्याच कॉलनीत," ते म्हणाले, "काही घरांत माणसं तीन आणि गिझर दोन आहेत. याला मी देशद्रोह म्हणणार नाही. पण तो देशद्रोहाच्या शेजारच्याच गल्लीत राहतो." सगळ्यांच्या माना कॉलनीचे सेक्रेटरी आबाजी यांच्याकडे वळल्या. आबाजींनी कार्यक्रमाचा खर्च केला होता, हारही त्यांनीच आणला होता. ते नुसते चष्मा पुसत बसले.

हे सगळं देशासाठी होतं, यात शंका नाही. पण आप्पासाहेबांच्या पोटात आणखी एक गोष्ट होती आणि ती देशापेक्षा जड होती.

त्यांच्या मुलीचं, स्वरूपाचं, लग्न आदल्या मार्गशीर्षात इंदापूरला झालं. मुलगा यशराज नरसिंहपूरचा, सालस. घर ऊसवाल्यांचं, पण आजोबांपर्यंत मेंढरांमागं फिरणारं. आप्पासाहेबांचं वरकुटे गावचं घरही तसंच, त्यामुळे सगळं जुळलं. पण लग्नाच्या दिवशी, ऐन थंडीत, वऱ्हाडाच्या उतरायच्या जागी पाणीच तापलं नाही. मंगल कार्यालयाचा बंब धूर तेवढा देत राहिला. यशराजची आत्या, तानूबाई, हिने त्या दिवशी गार पाण्याने आंघोळ केली आणि ती आंघोळ ती विसरली नाही. नरसिंहपुरात कुणीही लग्नाचं नाव काढलं की ती व्याह्यांबद्दल म्हणे, "इवायानं समदं दिलं, पर पानी गार दिलं." ज्या माणसाने जन्मभर वाफ केली त्याच्या पोरीच्या लग्नात पाणी गार! आप्पासाहेबांना हे आठवलं की जेवण जात नसे.

आता पहिला दिवाळसण आला होता. स्वरूपाने फोन केला. "आप्पा, मला साडी नको, यांना अंगठीही नको. आत्याबाई सोबत येणार आहेत. पहिल्या आंघोळीला पाणी तेवढं कढत असू द्या. वर्षभर ऐकतेय मी."

शेवटचं वाक्य ती हळू बोलली. आप्पासाहेब मात्र मोठ्याने म्हणाले, "तू बघच. तुझ्या आत्याबाईंनी फुंकून फुंकून अंगावर घ्यावं, असं पाणी देतो."

दुसरा कुणी असता तर त्याने घरचा गिझर एकदा तपासून घेऊन विषय संपवला असता. पण एकाच तांब्यात देशाचं तेल आणि लेकीची अब्रू अशी दोन्ही वाचवायची संधी आप्पासाहेबांना दिसली. त्यांनी सोलर घ्यायचं ठरवलं.

सोलरवाला म्हणाला, गच्चीला कॉलनीचं ना हरकत पत्र लागेल. ते पत्र द्यायचं आबाजींनी. आबाजी शांतपणे म्हणाले, "देतो की. आधी घराच्या लाइट बिलावर तुमचं नाव असू द्या." लाइट बिल अजून घराच्या पहिल्या मालकाच्या नावावर येत होतं. नाव बदलायला आप्पासाहेब कचेरीत गेले. तिथला साहेब म्हणाला, मूळ मालकाची संमती आणा. आप्पासाहेब म्हणाले, "ते वारले." साहेबाने दुःख व्यक्त केलं आणि विचारलं, "मग वारल्यानंतर त्यांची काही हरकत नाही, असं वारसांकडून लिहून आणता येईल का?" वारस दुबईला होते. तेलाच्याच कंपनीत.

तिथून परतताना, पेट्रोल वाचवायचं म्हणून आप्पासाहेबांनी सिग्नलला स्कूटर बंद केली, ती परत चालू होईना. मागे दुधाचा टँकर भोंगा वाजवत होता. ती स्कूटर ढकलत ढकलत चालताना त्यांच्या मनात आलं, आपण स्वतः बॉयलरवाले असताना सोलर विकत घ्यायचं म्हणजे सुताराने पाट विकत घेतल्यासारखं आहे. त्यांनी वळून स्कूटर भंगारवाल्याच्या दारात नेली.

भंगारवाल्याकडे दूध संकलन केंद्रातली एक जुनी स्टीलची टाकी होती. टाकी पाहून आप्पासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. त्यांनी टाकीच्या बदल्यात घरचा गॅसगिझर दिला, वर पाणी तापवायची विजेची कांडीही दिली. "आता माघार नाही," असं ते भंगारवाल्याला म्हणाले. भंगारवाल्याने गिझरची तोटी फिरवून पाहत मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी जास्तीचा सिलिंडरही एजन्सीत परत केला आणि तिथल्या मुलीला फोटो काढायला लावला.

मग गच्चीवर आठवडाभर ठोकाठोक चालली. काळ्या रंगाने रंगवलेले पाइप, जुन्या खिडकीची काच, मध्ये टाकी. दुपारी पाणी तापायचं, असं तापायचं की हात लावला तर चटका बसावा. पण पहाटेपर्यंत ते पुन्हा विहिरीच्या पाण्यासारखं व्हायचं. ऊब कोंडून ठेवायला टाकीला काहीतरी गुंडाळायला हवं होतं. शेजारपाजार सल्ले द्यायला तयारच होता. कुणी थर्मोकोल सांगितलं, कुणी उसाचं पाचट, एकाने तर शेणाने लिंपायला सांगितलं. आप्पासाहेबांना मात्र आपले वडील आठवले. भर पावसात मेंढरांमागं उभे असायचे, अंगावर घोंगडी. लहानपणी त्या घोंगडीत शिरलं की आत चुलीजवळ बसल्यासारखं वाटायचं.

घरात एक घोंगडी होती. काळीभोर, हातमागावरची, काठाला पांढरी रेघ. लग्नात तानूबाईने इवायाला मान म्हणून दिलेली. घरच्या मेंढरांची लोकर, आणि सूत तिने स्वतः कातलेलं. रोहिणीबाईंनी ती डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवली होती. त्या बाजारात गेल्या आणि आप्पासाहेबांनी ट्रंक उघडली.

खरं सांगायचं तर त्यांचा हात थोडा अडखळला. घोंगडी म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या घरात देव घोंगडीवर बसत, पाहुणा घोंगडीवर बसे, घोंगडीला पाय लागला तर पाया पडत. पण आप्पासाहेबांनी मनाशी म्हटलं, ट्रंकेत ऊब वाया चालली आहे. आणि त्यांनी ती टाकीला गुंडाळून वरून तारेने करकचून आवळली. रोहिणीबाईंना कळलं तेव्हा त्या बाजाराच्या पिशवीसकट गच्चीवर धावल्या. "अहो, आत्याबाईंच्या हातची हो ती!" आप्पासाहेब म्हणाले, "त्यांच्याच हातची ऊब त्यांना परत मिळणार आहे."

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला कढत पाणी आलं. खरोखर कढत. आप्पासाहेबांनी आंघोळ केली, मग उगीचच परत केली. कॉलनीतल्या प्रत्येकाला त्यांनी बोलावलं. "पहिल्या आंघोळीच्या पहाटे या. जावयाची आंघोळ बघा. गॅस नाही, वीज नाही, धूर नाही." आबाजींना तर त्यांनी फाटकावर गाठून सांगितलं. आबाजी म्हणाले, "येतो की."

दिवाळीच्या आदल्या दुपारी नरसिंहपूरची गाडी आली. स्वरूपा उतरली ती आधी बापाकडे बघून हसली, पण डोळ्यांत प्रश्न होता. आप्पासाहेबांनी अंगठा दाखवला आणि सगळ्यांना हातपाय धुवायला कढत पाणी दिलं. बादल्यांवर बादल्या. ड्रायव्हरलाही दिलं. गाडीच्या काचासुद्धा कढत पाण्याने धुतल्या. टाकीत आता नवं गार पाणी भरतंय आणि सूर्य मावळतीला लागलाय, हे बॉयलरवर हयात घालवलेल्या माणसाच्या ध्यानात यायला हवं होतं. पण कौतुक चाललेलं असताना आप्पासाहेबांना तापमान कळत नाही.

तानूबाई पाय पुसत म्हणाली, "पानी तर तापलंय. आता सकाळचं बघू." मग पदर सावरत तिने इकडेतिकडे पाहिलं. "इवाई, म्या दिल्याली घोंगडी कुठं हाय? तिच्यावर पाट मांडायचा सकाळी. जावय घोंगडीवरच ओवाळायचा. आमच्यात तशी रीत हाय, तुमच्यातबी आसंलच."

रोहिणीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आप्पासाहेबांनी छताकडे पाहिलं. "हाय की," ते म्हणाले. एरवी ते 'आहे' म्हणत. घाबरले की वरकुट्याची बोली बाहेर येई.

दिवेलागणीला, सगळे आकाशकंदील बघायला अंगणात असताना, ते चोरासारखे गच्चीवर गेले. तार सोडली, घोंगडी काढली. तिच्यावर तारेचे वळ उठले होते आणि कबुतराने आपला अभिप्राय दिला होता. तो ओल्या फडक्याने पुसताना त्यांना आपल्या वडिलांचं तोंड आठवलं आणि ते भरभर पुसू लागले. टाकीला त्यांनी पोती, एक जुनी चादर आणि इंधन बचतीच्या कार्यक्रमाचा कापडी फलक गुंडाळला. घोंगडी खाली आणून दिली. तानूबाईने ती नाकाशी धरली. "हिला उनाचा वास येतोय. उनात घातली व्हती व्हय? लई ब्येस केलं. आशी जपणारी मानसं कुठं ऱ्हायली आता!"

आप्पासाहेब बोटांवरचा तारेचा गंज पुसू लागले. वर्षभर टोमणे ऐकले होते, पण ते सोपे होते, असं त्यांना वाटलं.

पहाटे सगळ्यांच्या आधी उठून त्यांनी न्हाणीतला नळ सोडला. बोट धरलं. पाणी गार होतं. कोमट-बिमट नाही, गारच. त्यांनी नळ बराच वेळ सोडून ठेवला, जणू कढत पाणी मागून येतंय. ते आलं नाही.

रोहिणीबाई स्वयंपाकघरात गॅसशी झटत होत्या. काल चकल्या तळता तळता सिलिंडर संपत आला होता, तो आता पूर्ण संपला. दुसरा एजन्सीत, फोटोपुरता घरात. गिझर भंगारात, कांडीही भंगारात. "चूल पेटवू?" त्या म्हणाल्या. पण घरात लाकडाची काडी नव्हती आणि तानूबाईचा आवाज अंगणात यायला लागला होता. पहिली आंघोळ सूर्य उगवायच्या आत व्हायला हवी. "अहो, आबाजींकडून दोन बादल्या आणा. दोन पावलांवर तर आहे."

"आबाजींकडून?" आप्पासाहेबांनी असं विचारलं की जणू रोहिणीबाईंनी चोरी करायला सांगितली. "मी त्यांना देशासमोर काय बोललो, विसरलीस? जीव गेला तरी जाणार नाही."

"देश कुठं हाय हितं?" रोहिणीबाई कातावून म्हणाल्या. "लेक हाय दारात."

ते ऐकून न ऐकल्यासारखं करून आप्पासाहेब बाहेर गेले. बाहेर न्हाणीच्या दाराशी घोंगडी अंथरलेली, तिच्यावर रांगोळी काढलेला पाट. यशराजला तेल-उटणं लावून झालं होतं. त्याने कारीट फोडलं. कुंपणापलीकडे आबाजी आणि कॉलनीतली चारचौघं स्वेटर घालून, चहाचे कप घेऊन उभी होती. कबूल केल्याप्रमाणे आली होती. स्वरूपा हातात ओवाळणीचं ताट धरून आत्याबाईंच्या शेजारी उभी होती आणि एका हाताने ताटातलं निरांजन वाऱ्यापासून झाकत होती.

"पाणी मी घालतो," आप्पासाहेब म्हणाले आणि जावयाला घेऊन न्हाणीत शिरले. दार लोटलं. तांब्या भरला. यशराज पुढे वाकून बसला. आप्पासाहेबांनी डोळे मिटले आणि तांब्या ओतला.

यशराजचा श्वास आत गेला तो बाहेर येईना. सगळं अंग ताठ झालं. त्याने मान वळवून सासऱ्याकडे पाहिलं. सासऱ्याच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं.

बाहेरून हाक आली, "यशराज, कसं हाय रं पानी?"

 मग यशराजने दात आवळले आणि मोठ्याने ओरडला, "आत्या, लई कढत हाय गं! मामा, जरा गार मिसळा की, सोलून निघंन मी!"

आप्पासाहेब तांब्या धरून उभेच राहिले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते का, हे त्यांना आज कळलं. यशराजने खालच्या आवाजात म्हटलं, "वता, मामा. लवकर वता." ते ओतत राहिले. प्रत्येक तांब्याला पोरगं "आई गं, भाजलं!" म्हणून ओरडत होतं. त्याचे ओठ जांभळे झाले होते आणि तो ओरडताना हसत होता.

कुंपणापलीकडे खळबळ उडाली. "बाप रे, सोलरवर एवढं?" कुणी टाळ्या वाजवल्या. तानूबाईचा आवाज आला, मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा, "स्वरूपा, तुज्या बापाला म्या वरीसभर बोलले. ते मागं घेते गं पोरी. पानी तापलं यंदा."

दार उघडून आप्पासाहेब बाहेर आले. स्वरूपाचं तोंड असं उजळलं होतं की त्यांना तिकडे बघवेना. लग्नापासून ती असं हसली नव्हती. त्या हसण्याखाली एक तांब्याभर गार पाणी आणि दुसऱ्याच्या पोराचं खोटं बोलणं होतं, आणि ते फक्त त्यांना आणि जावयाला माहीत होतं.

"आता मलाबी त्यातलंच काढा," तानूबाई गुडघ्यावर हात ठेवत उठली. "थंडीनं गुडघं धरल्यात. चांगलं शेकून घेते."

त्याच वेळी आबाजी कुंपणावर हात टेकून म्हणाले, "आप्पासाहेब, हरलो बुवा. माझ्याही गच्चीवर बसवून द्या. ना हरकत मीच देतो."

आप्पासाहेबांनी एकदा तानूबाईच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग पंचा गुंडाळून थरथरत उभ्या असलेल्या जावयाकडे. मग ते कुंपणाजवळ गेले. त्यांचा आवाज फार मोठा नव्हता, पण पहाटे सगळं ऐकू येतं.

"आबाजी, तुमचा गिझर चालू हाय का?"

"हाय की. का?"

"दोन बादल्या कढत पाणी द्या. पोरगं काकडलंय."

कुणी हसलं नाही. हसले असते तर आप्पासाहेबांना बरं वाटलं असतं. आबाजी कप तिथेच ठेवून रस्त्यापलीकडच्या आपल्या घरात गेले, मागोमाग आप्पासाहेबही गेले. आप्पासाहेब दोन्ही हातांत बादल्या घेऊन सगळ्या कॉलनीसमोरून परत आले. बादल्यांतून वाफ निघत होती. जन्मभर त्यांनी वाफेचा अभिमान बाळगला होता, पण आज ती त्यांच्या तोंडावर येत होती आणि ते मान वर करत नव्हते.

"हे पानी कुठलं?" तानूबाईने विचारलं.

"आबाजींच्या गिझरचं. माझं गार हाय. यशराजनं माझ्यापायी खोटं सांगितलं तुमाला. त्याला बोलू नका." आणि एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. "आन् घोंगडी उनात घातली नव्हती. टाकीला तारंनं बांधली व्हती. ऊब राहावी म्हणून. तुमी काल मागितली म्हणून काढली."

स्वरूपाच्या हातातलं ताट खाली आलं. तानूबाईने घोंगडीवरचे वळ बोटाने चाचपले. मग तिने पाट उचलून बाजूला ठेवला, घोंगडी झटकली आणि नेऊन यशराजच्या ओल्या खांद्यांवर टाकली. चांगली दोन्हीकडून ओढून गच्च लपेटली.

"म्हंजी म्या मागितली नसती तर पानी तापलं आसतं?"

"कोमट तरी राहिलं असतं. कढत व्हतं ते मीच काल मिरवण्यात उधळलं," आप्पासाहेब जमिनीकडे बघत म्हणाले.

"मग काल सांगाया तोंड न्हवतं व्हय तुमाला? म्या काय खाल्लं आसतं?" ती रागावलीच होती. मग भाच्याच्या डोक्यावरचं उटणं पुसत, कुणाकडेही न बघता म्हणाली, "फुडच्या दिवाळीला दोन घोंगड्या आनते. एक आंथराया, एक टाकीला."

स्वरूपाला रडू आलं की हसू, ते तिचं तिलाच कळलं नाही. आप्पासाहेबांना उबेबद्दल काहीतरी सांगावंसं वाटलं, पण तानूबाईचं पाणी अजून आणायचं होतं. त्यांनी कढत पाणी जावयासाठी न्हाणीतल्या घंगाळात ओतलं, रिकाम्या बादल्या उचलल्या आणि पुन्हा रस्ता ओलांडला. आबाजी दारातच उभे होते. गिझर चालू ठेवून.

"अजून पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"पाहिजे," आप्पासाहेब म्हणाले आणि बादल्या पुढे केल्या.